शब्दाची जागा

फेब्रुवारी जवळ आला की जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतले पाचवीचे, आठवीचे काही वर्ग सकाळी तासभर आधीच भरू लागतात. शिष्यवृत्तीचे जादा तास सुरू झालेले असतात. वऱ्हांड्यात मांडी घालून बसलेल्या मुलांपुढे सराव प्रश्नपत्रिकांचे संच, हातात बॉलपेन आणि कानावर बाईंचं पालुपद: गोल पूर्ण रंगवा, खाडाखोड करू नका.

ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पूर्वी ती चौथी आणि सातवीला असे. २०१६-१७पासून ती पाचवी आणि आठवीला होऊ लागली, आणि आता पुन्हा चौथी-सातवीकडे वळवण्याचा निर्णय झाला आहे. पाचवीच्या परीक्षेचा साचा सरळ आहे. प्रत्येकी १५० गुणांचे दोन पेपर. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. मराठी माध्यमाच्या मुलाची तृतीय भाषा इंग्रजी. तिचे २५ प्रश्न, ५० गुण. दीड तासात एकूण ७५ प्रश्न सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला ७२ सेकंद येतात. त्यात वाचायचं, विचार करायचा, गोल रंगवायचा.

इंग्रजीच्या या २५ प्रश्नांत एक जुना, ठरलेला प्रकार असतो. विस्कटलेले शब्द दिलेले असतात, त्यांचं वाक्य जुळवायचं. समजा शब्द असे आहेत: रीड्स, अ, सिस्टर, बुक, माय. प्रत्येकाला क्रमांक, आणि खाली उत्तराचे चार पर्याय, तेही क्रमांकांचेच. सराव केलेलं मूल वाक्याकडे बघतच नाही. ‘माय’चं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत आहे, म्हणजे तो पहिला. ‘बुक’पुढे पूर्णविराम आहे, म्हणजे तो शेवटचा. या दोन खुणांवर चारांतले दोन-तीन पर्याय गळतात, उरलेल्यातला एक रंगवायचा. पंधरा सेकंदांत दोन गुण. वर्गात हीच क्लृप्ती शिकवली जाते आणि शिकवणाऱ्याला मी दोष देत नाही. ७२ सेकंदांच्या हिशेबात ती क्लृप्ती कामाची आहे. पण ते वाक्य मुलाच्या तोंडून एकदाही बाहेर पडलेलं नसतं. बहीण, पुस्तक आणि वाचणं यांचा एकमेकांशी काय संबंध आहे हे त्याला कळलं की नाही, ते त्या काळ्या गोलावरून समजत नाही.

इंग्रजीत ज्या एका गोष्टीवर सगळं उभं आहे, नेमकी तीच गोष्ट हा प्रश्न तपासू पाहतो आणि नेमकी तीच त्याच्या हातातून निसटते. म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो.

मराठी मुलाच्या कानात वाक्य कसं वाजतं, ते आधी बघू. ‘मांजराने उंदीर पकडला.’ हेच ‘उंदीर मांजराने पकडला’ असं म्हणता येतं. ‘पकडला मांजराने उंदीर’ असंही, जरा ठसक्यात. शब्द कुठेही हलवा, उंदराची सुटका नाही. ‘मांजराने’मधला ‘ने’ सांगतो की पकडणारं मांजर आहे. तो प्रत्यय शब्दाच्या अंगालाच चिकटलेला असतो, त्यामुळे शब्द वाक्यात कुठेही गेला तरी स्वतःची ओळख सोबत घेऊन जातो. इंग्रजीत ‘द कॅट कॉट द माउस’ या वाक्यातल्या मांजराला असा कुठलाही प्रत्यय नाही. ते क्रियापदाच्या आधी उभं आहे, एवढीच त्याची ओळख. ‘द माउस कॉट द कॅट’ म्हटलं की उंदराने मांजर पकडलं. शब्द तेच, एकाही अक्षरात बदल नाही, फक्त जागा बदलल्या.

पाचवीच्या मुलाला हे कुणी उलगडून सांगत नाही. त्याला सांगतात की इंग्रजीत आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. आणि तो ते नियम म्हणून पाठ करतो. मराठीत जे काम ‘ने’ आणि ‘ला’ करतात ते काम इंग्रजीत जागा करते, हे त्याला एकदा दाखवलं तर नियमामागचं कारण त्याच्या हाती लागतं. जुन्या इंग्रजीलाही विभक्त्या होत्या. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना वेगवेगळे प्रत्यय लागत आणि शब्दांचा क्रम आजच्यापेक्षा बराच मोकळा होता. पुढच्या शतकांत ते प्रत्यय झिजत गेले आणि त्यांचं ओझं क्रमावर येऊन पडलं. आठवीच्या वर्गात हा इतिहास सांगायला पाच मिनिटं पुरतात. आपल्या भाषेत जे अजून शाबूत आहे ते इंग्रजीने गमावलं, आणि म्हणून तिला शिस्तीत उभं राहावं लागतं, हे कळल्यावर इंग्रजीचा दरारा थोडा उतरतो.

लहान मूल सुरुवातीला ‘आय स्कूल गो’ असं लिहितं. वहीत त्यावर लाल फुली पडते. मला त्या वाक्यात चुकीपेक्षा विचार जास्त दिसतो. ‘मी शाळेत जातो’ हे त्याच्या मनातलं वाक्य आहे. त्यातला प्रत्येक शब्द त्याने इंग्रजीत आणला आणि आपल्या घरच्या क्रमाने मांडला. म्हणजे शब्द त्याला येतात, वाक्य करायची इच्छा आहे, मनात अर्थ पक्का आहे. दोनच गोष्टी राहिल्या: क्रियापद शेवटून उचलून कर्त्याच्या शेजारी आणणं, आणि ‘शाळेत’मधला मागचा ‘त’ इंग्रजीत ‘टू’ होऊन शब्दाच्या पुढे उभा राहतो हे ओळखणं. फुलीऐवजी ‘गो’भोवती गोल करून डावीकडे बाण काढला आणि ‘स्कूल’च्या आधी ‘टू’ लिहून दिला, तर मुलाला काय करायचं ते कळतं. असे बाण काढणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांच्या वर्गातल्या वह्या गिचमीड दिसतात, पण मुलं वाक्य करायला घाबरत नाहीत.

प्रश्नार्थक वाक्यांत गाठ अधिक घट्ट बसते. ‘तू येतोस’ला ‘का’ जोडला की मराठीत प्रश्न तयार. बाकीचे शब्द जागचे हलत नाहीत. इंग्रजीत मात्र सहायक क्रियापद उठून कर्त्याच्या पुढे येतं, आणि सहायक नसेल तर ‘डू’ किंवा ‘डझ’ बाहेरून आणावा लागतो. या ‘डू’ला मराठीत जोडीदार नाही, आणि प्रश्नासाठी शब्द हलवायची सवयही नाही. म्हणून ‘व्हेअर यू आर गोइंग’ हे वाक्य दहावीपर्यंत, पुढे महाविद्यालयातही ऐकू येतं. ही चूक शब्दसंपत्तीची नव्हे. चारही शब्द बरोबर आहेत. शब्दांच्या याद्या आणखी कितीही पाठ केल्या तरी ही चूक दुरुस्त होणार नाही, कारण तिचं मूळ यादीत नाहीच.

मराठीचा क्रम मोकळा आहे म्हणून तो बिनकामाचा आहे असं कुणी समजू नये. ‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’ ही दोन वाक्यं आपण वेगवेगळ्या वेळी बोलतो. पहिल्यात कुठलंसं एक पुस्तक नव्याने समोर येतं. दुसऱ्यात आपण आधीच शोधत असलेलं, ठरावीक पुस्तक असतं. इंग्रजी हाच फरक ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल’ आणि ‘द बुक इज ऑन द टेबल’ असा दाखवते, म्हणजे ‘अ’ आणि ‘द’च्या मदतीने. इंग्रजीतली ही दोन चिमुकली उपपदं मराठी मुलाला सर्वांत जास्त छळतात, कारण मराठीत ती नाहीत असं त्याला सांगितलेलं असतं. शब्द नाहीत हे खरं, पण ते काम मराठी शब्दक्रमाने करते आणि मूल ते दिवसातून शंभरदा न चुकता करतं. इथून सुरुवात केली तर ‘द’ कुठे लावायचा हे समजावणं किती सोपं होईल!

*

आता शब्दांकडे. आपल्याकडे शब्द पाठ करण्याची एक लय पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. ‘सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर.’ सगळा वर्ग एका सुरात. या लयीची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. ज्या मुलाच्या घरी इंग्रजीचा एकही शब्द कानावर पडत नाही, त्याला स्पेलिंग, उच्चार आणि अर्थ एकाच श्वासात देणारी ही युक्ती आहे. तिची उणीव एवढीच की ती ‘मांजर’पाशी थांबते. कॅट काय करते, कॅटच्या पुढे कुठला शब्द येतो, मागे कुठला येतो, याला त्या लयीत जागा नाही. ‘अ कॅट इज ड्रिंकिंग मिल्क’ हे त्याच सुरात म्हणवून घेतलं असतं तर आणखी चारच सेकंद गेले असते.

कुठले शब्द आधी शिकवायचे, या प्रश्नाचं एक महत्त्वाचं उत्तर आपल्याच उपखंडात शोधलं गेलं. मायकेल वेस्ट हा इंग्रज शिक्षणतज्ज्ञ गेल्या शतकाच्या पूर्वार्धात बंगालमध्ये, ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात काम करत होता. बंगाली मुलं इंग्रजी वाचताना का अडखळतात हे त्याने बारकाईने पाहिलं. त्याला दिसलं की पाठ्यपुस्तकांत क्वचित भेटणारे, पुस्तकी शब्द जागोजाग पेरलेले आहेत आणि रोजच्या कामाचे शब्द पक्के व्हायच्या आत मागे पडतात. बंगालच्या संदर्भातल्या द्विभाषिकतेवरचं त्याचं पुस्तक १९२६ साली निघालं. पुढे १९५३ साली त्याने सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. वारंवार लागणारे, ज्यांच्यावाचून वाक्य अडतं असे ते शब्द. ‘गो’, ‘गिव्ह’, ‘अबाउट’, ‘बिकॉज’ असे. जगभर इंग्रजीची क्रमिक पुस्तकं रचताना त्या यादीचा आधार घेतला गेला.

आपल्या शिष्यवृत्तीच्या मार्गदर्शक पुस्तकांतल्या शब्दयाद्या वेस्टला दाखवल्या असत्या तर त्याने डोक्याला हात लावला असता, असं मला वाटतं. प्राण्यांच्या पिल्लांची नावं, प्राण्यांच्या आवाजांची नावं, समूहवाचक नामं, राहण्याच्या जागा. हंसाच्या पिल्लाला ‘सिग्नेट’ म्हणतात हे पाचवीच्या मुलाला तोंडपाठ असतं, पण ‘मला उशीर झाला कारण बस आली नाही’ हे इंग्रजीत सांगता येत नाही. ‘सिग्नेट’ त्याच्या आयुष्यात पुन्हा कधी येईल कोण जाणे. ‘बिकॉज’ दर तासाला लागणार आहे. अशा याद्यांवर प्रश्न काढणं सोपं, तपासणं सोपं, म्हणून त्या टिकून आहेत.

दहावीला मराठी माध्यमाच्या मुलांना तृतीय भाषा म्हणून बालभारतीचं ‘माय इंग्लिश कोर्सबुक’ असतं. लेखी परीक्षा ८० गुणांची. तिचा पहिला प्रश्न भाषाभ्यासाचा, १० गुणांचा. त्यातले प्रकार मुलांना नावानिशी पाठ असतात: गाळलेली अक्षरं भरून शब्द पूर्ण करा, शब्द वर्णानुक्रमे लावा, विरामचिन्हं द्या, एका लांब शब्दातल्या अक्षरांपासून चार शब्द बनवा, एका शब्दाशी संबंधित शब्द जाळ्यात भरा, शब्दसाखळी पूर्ण करा. कच्च्या समजल्या जाणाऱ्या मुलांना शिक्षक आधी हाच प्रश्न पक्का करायला सांगतात, कारण ३५ गुणांचा उंबरठा ओलांडायला हे १० गुण हुकमी समजले जातात.

यातल्या वर्णानुक्रमाच्या प्रश्नाबद्दल मला आदर आहे. शब्दकोश उघडायला तो लागतोच, आणि ज्या मुलाला शब्दकोश उघडता येतो त्याला पुढची वाट स्वतःची स्वतः चालता येते. पण शब्द वर्णानुक्रमे लावणारं मूल एकदाही शब्दकोश हातात न घेता दहावी पास होऊ शकतं. अनेक शाळांत शब्दकोश मुख्याध्यापकांच्या कपाटात असतो. संबंधित शब्दांच्या जाळ्याचा प्रश्न मला यांत सर्वांत मोलाचा वाटतो. ‘रेन’ या शब्दाभोवती ‘हेवी’, ‘अंब्रेला’, ‘क्लाउड’, ‘वेट’ लिहिणारं मूल शब्दांची सोबत ओळखू लागतं. त्याला पुढे फक्त एवढंच विचारायचं: यातले कुठलेही तीन शब्द घेऊन एक वाक्य सांग. परीक्षा तिथे थांबते, वर्गाने थांबायचं कारण नाही.

*

महाराष्ट्रात २०००च्या जूनपासून पहिलीपासून सगळ्या शाळांत इंग्रजी आलं. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्याआधी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं आणि एबीसीडीचं पहिलं पुस्तक हातात पडणं हा घराघरात कौतुकाचा दिवस असायचा. निर्णयावर तेव्हा मोठा वाद झाला. पहिलीच्या मुलावर ओझं येईल, मराठीचं नुकसान होईल, शिकवणार कोण, असे प्रश्न विचारले गेले. शेवटच्या प्रश्नात सर्वांत जास्त तथ्य होतं. ज्या गुरुजींनी आणि बाईंनी स्वतः इंग्रजी पाचवीपासून, तेही भाषांतर करत शिकलेलं, त्यांच्यावर सहा वर्षांच्या मुलांशी इंग्रजीत बोलायची जबाबदारी पडली. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने रेडिओवरून इंग्रजीचे पाठ देण्याचं काम केलं ते याच अडचणीवर उतारा म्हणून. रेडिओवरचा आवाज इंग्रजीत सांगतो, मुलं उत्तर देतात, शिक्षकही त्यांच्याबरोबर शिकतात.

पाचवीपासून दहावीपर्यंत इंग्रजी शिकलेल्या जुन्या पिढीच्या हाताशी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. वरती मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी करायचं. इंग्रजी वाक्य, त्याचं मराठी करायचं. पाठ पुढे सरकेल तशी रचना कठीण होत जाते. पुढच्या काळातल्या शिक्षणपद्धतींनी भाषांतराला बाजूला सारलं. थेट इंग्रजीतून इंग्रजी शिकवा, मध्ये मातृभाषा आणू नका, असा आग्रह आला. त्या आग्रहात संभाषणावर भर होता, हे चांगलंच झालं. पण तर्खडकरांच्या पद्धतीत एक गोष्ट फार खोल होती आणि ती गमावल्याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिथे मुलाला प्रत्येक पाठात दोन भाषांचे क्रम समोरासमोर दिसायचे. वाक्य उचलून दुसऱ्या भाषेत ठेवताना कुठला शब्द कुठे सरकतो, हे हाताला कळायचं.

आज मुलं कुठवर पोचली आहेत, याचा अंदाज ‘असर’च्या देशव्यापी ग्रामीण सर्वेक्षणांतून येतो. २०२२च्या अहवालानुसार पाचवीतल्या २४.५ टक्के मुलांना सोपी इंग्रजी वाक्यं वाचता आली; २०१६ साली हे प्रमाण २४.७ टक्के होतं. आठवीत २०२२ साली ते ४६.७ टक्के होतं. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांचं २०२३चं सर्वेक्षण २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत झालं. त्या वयाच्या ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्य वाचता आलं, आणि ज्यांना वाचता आलं त्यांच्यातल्या सुमारे तीन-चतुर्थांश मुलांना अर्थही सांगता आला. आकडे देशाचे आहेत, पण त्यातून दिसणारी दरी आपल्या वर्गातही ओळखीची आहे: अक्षर ओळखणं, शब्द ओळखणं, वाक्य वाचणं आणि वाक्य कळणं या चार पायऱ्यांवर मुलं वेगवेगळ्या ठिकाणी अडकतात. वाक्याच्या पायरीवर अडकलेल्या मुलाला आणखी शब्द देऊन वर चढवता येत नाही.

*

वाक्य जुळवण्याचाच मोठा भाऊ म्हणजे वाक्यांची गोष्ट जुळवण्याचा प्रश्न. चार-पाच वाक्यं उलटसुलट दिलेली असतात, ती योग्य क्रमाने लावायची. मला हा प्रकार मनापासून आवडतो. एक नमुना मी इथे तयार करतो. पहिलं वाक्य: ही टुक इट होम. दुसरं: वन डे अ बॉय सॉ अ पपी नीअर द बस स्टँड. तिसरं: नाउ द पपी स्लीप्स अंडर हिज बेड. चौथं: इट वॉज वेट अँड हंग्री. पाचवं: हिज मदर गेव्ह इट सम मिल्क.

सुरुवात दुसऱ्या वाक्याने होते हे ‘वन डे’वरून कळतंच, पण ते शब्द झाकून ठेवले तरी कळतं. ‘अ बॉय’, ‘अ पपी’. मुलगाही नवा, पिल्लूही नवं. एकदा त्यांची ओळख झाली की पुढे ‘ही’, ‘इट’, ‘हिज’, ‘द पपी’ असे उल्लेख येऊ शकतात. ‘इट’ने सुरू होणारं वाक्य पिल्लू येण्याआधी येऊच शकत नाही. ‘नाउ’ आणि क्रियापदाचा बदललेला काळ शेवटाकडे बोट दाखवतात. ‘अ’ आणि ‘द’ यांचा फरक मुलाला व्याकरणाच्या तक्त्यातून जितका कळत नाही तितका या खेळातून कळतो, कारण इथे त्याच्यावाचून गोष्टच लागत नाही.

आता पुढचा भाग. माझ्या मते क्रम २, ४, १, ५, ३ असा आहे. पिल्लू दिसलं, ते भिजलेलं आणि भुकेलेलं होतं, मुलाने घरी नेलं, आईने दूध दिलं, आता ते पलंगाखाली झोपतं. पण एखादी मुलगी म्हणेल की २, १, ४, ५, ३. पिल्लू दिसलं, घरी नेलं, ते भिजलेलं आणि भुकेलेलं होतं, म्हणून आईने दूध दिलं. तीही बरोबर आहे! तिच्या क्रमात भूक आणि दूध शेजारी-शेजारी येतात, त्यामुळे गोष्ट कदाचित अधिक घट्ट विणली जाते. छापील उत्तरसूचीत एकच उत्तर असतं. अशा वेळी वर्गात काय होतं यावर सगळं अवलंबून आहे. ‘उत्तर चूक, पुढचा प्रश्न’ असं झालं तर ती मुलगी पुढच्या वेळी विचार करणार नाही, उत्तरसूची शोधेल. ‘असं का लावलंस?’ असं विचारलं तर ती मराठीत कारण सांगेल, आणि ते कारण सांगताना ती जे करते आहे ते पुढे निबंध लिहिताना, अर्ज लिहिताना, बातमी लिहिताना लागणारं कौशल्य आहे. प्रश्न काढणाऱ्यांनीही काळजी घ्यायला हवी. दोन क्रम शक्य असतील तर तो प्रश्न बहुपर्यायी पेपरात टाकू नये.

*

सराव कसा करावा, यावर अभ्यास भरपूर झाला आहे आणि त्यातलं बरंचसं आपल्या वर्गांपर्यंत पोचलेलं नाही. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरलं जातं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणजे शब्द एका रात्रीत वीसदा घोकण्यापेक्षा आज, उद्या, आठवड्याने आणि महिन्याने आठवून पाहणं जास्त फळतं. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग आठवून लिहिला. आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिलं होतं. आठवण्याची धडपड हाच सराव. आपली मुलं वहीतल्या शब्दार्थांवरून बोट फिरवत तासन् तास बसतात. त्यांच्याकडून उत्तर झाकून आठवून घेण्याला फार थोडा वेळ दिला जातो.

वाक्यासाठी आणखी एक प्रयोग आठवावा असा आहे. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतात, बंगळूर आणि मद्रासच्या काही साध्या शाळांत एन. एस. प्रभू यांनी मुलांना व्याकरणाचे नियम न सांगता कामं दिली. रेल्वेच्या वेळापत्रकावरून गाडी शोधा, नकाशावरून वाट सांगा. मन अर्थात गुंतलं की भाषेची रचना हळूहळू आत जाते, असा त्यांचा विश्वास होता. मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही. ज्या मुलाला आठवड्यात जेमतेम काही तास इंग्रजी ऐकायला मिळतं, त्याला रचना उघड करून दाखवावी लागते असं मला वाटतं. पण एसटीच्या वेळापत्रकावर ‘व्हेन डझ द लास्ट बस लीव्ह?’ असं विचारायला लावणं हे ‘डझ’ शिकवण्याचं माझ्या माहितीतलं सर्वांत चांगलं साधन आहे, आणि ते प्रभूंकडूनच येतं.

वर्गात मी पाहिलेला एक खेळ इथे सांगण्याजोगा आहे. पाच मुलं, पाच कागद, प्रत्येकाच्या हातात एक शब्द. बाकीचा वर्ग त्यांना ओळीत उभं करतो. ‘रवी’, ‘कॉल्ड’, ‘मीना’ अशी तीनच मुलं असली तरी चालतं. रवी आणि मीनाने जागा बदलल्या की हाक मारणारी व्यक्ती बदलते आणि वर्ग ओरडून सांगतो. मग बाई फळ्यावर मराठी वाक्य लिहितात, ‘रवीने मीनाला हाक मारली’, आणि विचारतात की हे शब्द हलवले तर काय होतं. मुलं हलवून बघतात. काहीच होत नाही. ‘ने’ आणि ‘ला’ खोडा, मग हलवा, असं बाई म्हणतात. ‘रवी मीना हाक मारली.’ वर्ग गोंधळतो. कुणी कुणाला मारली? एवढ्या दहा मिनिटांत दोन्ही भाषांचं जे व्याकरण मुलांच्या समोर उभं राहतं, ते तक्त्यात तासभर शिकवूनही राहत नाही. यानंतर विस्कटलेल्या शब्दांचा प्रश्न सोडवताना ही मुलं मोठ्या लिपीतल्या अक्षराची खूण वापरतातच. पण आधी ‘कोण?’ आणि ‘काय करतं?’ हे मनाशी विचारतात.

दहावीच्या पेपराच्या अगदी शेवटी, सहाव्या विभागात, ५ गुणांचा भाषांतराचा प्रश्न आहे. काही शब्द, दोन वाक्यं, एक म्हण किंवा वाक्प्रचार इंग्रजीतून आपल्या माध्यमभाषेत आणायचे. जुन्या पाठमालेची एवढीच खूण अभ्यासक्रमात उरली आहे. गुण कमी, म्हणून वर्षाच्या शेवटी त्याला एखादा तास मिळतो. माझी मागणी अशी की हा प्रकार खाली, पाचवीपर्यंत न्यावा, आणि दोन्ही दिशांनी न्यावा. मराठीतून इंग्रजीत जाताना मुलाला क्रम बांधावा लागतो, तिथे कुठल्याही क्लृप्तीने काम भागत नाही. तपासायला वेळ जास्त लागेल, हे खरं आहे. रंगवलेले गोल वाचणारं ओएमआर यंत्र ते तपासू शकणार नाही, हेही खरं. शिष्यवृत्तीच्या पेपरात ते बसणार नसेल तर वर्षभराच्या वर्गातल्या मूल्यमापनात नक्की बसतं.

या सरावाला घरात इंग्रजी येणारं माणूसही लागत नाही. पालकसभेत आई-वडील नेहमी म्हणतात की आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही कसा अभ्यास घेणार. आठवून घेण्याच्या सरावात विचारणाऱ्याला उत्तर यावं लागत नाही. मुलाच्या वहीत डाव्या पानावर दहा मराठी वाक्यं, त्याच्याच रोजच्या बोलण्यातली: मला भूक लागली आहे, बाबा काल उशिरा आले, तू कुठे जातोस. उजव्या पानावर बाईंनी तपासलेली इंग्रजी वाक्यं. आई वही आपल्या हातात धरते, डावं पान वाचते, मूल इंग्रजीत पूर्ण वाक्य बोलतं आणि मग उजवं पान उघडून स्वतः ताडून पाहतं. जिथे शब्द चुकला तिथे शब्दाखाली रेघ, जिथे क्रम चुकला तिथे बाण. चुकलेली वाक्यं दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी, बरोबर आलेली आठवड्याने पुन्हा. रेघा जास्त आणि बाण कमी असतील तर शब्दांवर काम करायचं. बाण जास्त असतील, आणि सुरुवातीला ते असतातच, तर नवे शब्द काही दिवस थांबवून त्याच शब्दांची आणखी वाक्यं करायची.